हिरव्या चादरीखाली

विजयसिंहांच्या अंगणातलं प्लॅस्टिकचं गवत सोमवारी सकाळी मधोमध वर आलेलं दिसलं. फार नाही, पाटीभर. पण हिरवी चादर डोक्यावरून ओढून कुणी लहान चणीचं माणूस मुटकुळं करून निजावं, अगदी तसं.

जागा नेमकी शेवग्याची होती. संयोगिताबाईंच्या आईनं, धोंडुबाईंनी, गारगोटीहून फांदी आणून तो शेवगा लावलेला. त्यावर केसाळ अळ्या फार होतात म्हणून, बायको पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेल्याची संधी साधून विजयसिंहांनी तो बुंध्याशी तोडला आणि वर गवत अंथरून टाकलं. संयोगिताबाई परत आल्या आणि फाटकातच नुसत्या बघत उभ्या राहिल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून त्या कामापुरतंच बोलायच्या, आणि अंगणाला ‘तुमचं गवत’ म्हणायच्या.

“अवो, तुमचं गवत फुगलंय.”

“हवा धरली आसंल,” म्हणत विजयसिंहांनी उंचवट्यावर पाय ठेवून दाबलं. तो जरासा खचला, आणि आतून एक लांबलचक सुस्कारा निघाला.

विजयसिंहांनी पाय काढून घेतला. कागलच्या एमआयडीसीत वीस वर्षं मशिनं हाकलेला हा माणूस. भुताखेतांचं नाव काढणाऱ्याची त्यांनी हयातभर टिंगल केलेली. “हवाच हाय,” ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी घरातला दगडी पाटा आणून उंचवट्यावर ठेवला. बुधवारी सकाळी पाटा खाली घसरून पालथा पडला होता. उंचवटा वाढला होता, आणि शेजारचा गवताचा सांधा बोटभर उसवला होता. आत नुसता अंधार. रोज तिथं उन्हाला पडणारी मांजर आता कंपाउंडवर बसून एकटक तिकडंच बघत होती.

शेजारच्या चिमणाबाईंनी भिंतीवरून मान काढली. “झाड न विचारता तोडलासा न्हवं? त्येचा जीव अडकलाय. रोज पाणी घालून माफी मागा, निवंल.”

“चिमणाबाई, कुठल्या जमान्यात हायसा?” विजयसिंह खदाखदा हसले.

आणि गुरुवारी पहाटे तांब्या घेऊन हळूच अंगणात आले. उसवलेल्या सांध्यात पाणी ओतलं, इकडंतिकडं बघून हात जोडले. “चुकलं माझं. पण आता खाली बस, बाबा.”

शुक्रवारी उंचवटा आणखी चार बोटं वर आला. विजयसिंहांनी दोन तांबे ओतले. दुपारी खालून टर्रकन आवाज झाला आणि सांधा वीतभर फाटला. चहा पिता पिता संयोगिताबाई म्हणाल्या, “रविवारी आई येणार हाय. शेंगा काढायला.”

“त्यास्नी सांगितलं न्हाईस?”

“तुमीच सांगा. तुमी तोडलाय.”

विजयसिंह चहा तसाच ठेवून अंगणात गेले. अंगण निदान सपाट, देखणं असतं तर सासूबाईंसमोर काही तोंड उरलं असतं. हे असलं निजलेलं माणूस दाखवून काय सांगायचं? त्यांनी गवत दुरुस्त करणाऱ्या मुजम्मिलला फोन लावला.

शनिवारी मुजम्मिल आला. फाटक्या सांध्यात हात घातला, मूठभर माती काढली आणि तिचा लाडू वळला. लाडू फुटला नाही.

“काका, ही काळी माती. पाणी प्याली की फुगती, वाळली की भेगाळती. वरची माती काढून मुरूम न्हाई घातलासा?”

“घालूया म्हणलेला त्यो गवतवाला. मीच नको म्हणलं.”

“पण पाणी येतंय कुठनं? पाऊस न्हाई, नळ त्या टोकाला.” मुजम्मिल बोटांनी माती चाचपत राहिला. “आन् थोडंथिडकं न्हाई. रोजचं चार-पाच तांबं तरी मुरलंय.”

“चार-पाच कसं? मी तर दोनच...” विजयसिंह बोलून बसले.

मुजम्मिलनं मान वर केली. पायरीवर उभ्या असलेल्या संयोगिताबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “तुमचं दोन. सांजचं तीन माझं, झाड तोडल्यापास्नं. मलाबी चिमणाबाईंनीच सांगितलं.”

नवराबायको एकमेकांकडं बघत राहिले. किती दिवसांनी बघत होते, ते त्यांनाच ठाऊक.

मुजम्मिलनं गवत सोलून बाजूला केलं आणि “या अल्ला!” म्हणत मागं सरला. फुगलेल्या चिखलाच्या मधोमध पांढरीफटक बोटं वर आली होती. पाच होती. उजेड न मिळाल्यामुळं टोकाशी वळून वाट शोधत राहिलेली.

विजयसिंहांनी पायरी गाठली. संयोगिताबाई मात्र चिखलात गुडघे टेकून बसल्या. “बुंध्याला फुटवं आलंत,” म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना बघून विजयसिंहांना आपण काय करून बसलो ते पहिल्यांदा नीट कळलं.

दिवस मावळेपर्यंत मुजम्मिलनं भोवतालची काळी माती वीतभर खोल काढली, खडी-मुरूम घालून धुम्मसानं ठोकला आणि गवत परत ताणून चिकटवलं. मधे मात्र विजयसिंहांनी स्वतःच्या हातानं गोल भोक कापलं. पाची बोटं त्यातून बाहेर आली.

रविवारी धोंडुबाई आल्या. विजयसिंहांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, तांब्यांसकट. म्हातारीनं कोंबांवरनं हात फिरवला.

“जित्ता हाय. पर जावईबापू, तुमच्या हाताचा मला भरवसा न्हाय. ह्येला शेंगा धरंपातूर मी ऱ्हाणार हितंच.” आणि त्यांनी पिशवीतून दहा लुगडी काढली.

सोमवारी पहाटे विजयसिंह अंगणात आले ते तांब्या घेऊन नाही, बादली घेऊन. मागून संयोगिताबाईंचं हसू ऐकू आलं.

“अवो, सावकाश! आपलं झाड कुजंल.”