सहावं पातं

"दात उपटणाऱ्याने इंजिनात हात घालू नये," असं शूर्डचं ठाम मत होतं. जावयाच्या दवाखान्यात कवळीचं माप देताना, तोंडात साचा असतानासुद्धा, त्याने ते बोलून दाखवलं होतं.

दंतवैद्य जावयाने, हिल्केने, ते कधी मनाला लावून घेतलं नाही. आपल्या हातांवर त्याचा पुरता भरवसा होता. पण आज गोष्ट निराळी होती. म्हातारा शूर्ड हार्लिंगेन बंदरातलं घर सोडून टर्स्खेलिंग बेटावर बहिणीकडे राहायला निघाला होता आणि मागे उरणार होती 'फ्राउके', कैलासवासी सासूबाईंच्या नावाची शिडाची बोट. ती जावयाला द्यायची की बंदरावरच्या औषधवाल्याला विकायची, याचा निकाल आज लागायचा होता. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा पंप गळायला लागला होता. तो हिल्केने एकट्याने खोलायचा, नवा करून बसवायचा आणि दुपारच्या ओहोटीबरोबर सासऱ्याला बेटावर पोचवायचं, अशी अट होती. हिल्केला ती बोट मनापासून हवी होती. बायकोला, निंकेला मागणी घालतानाही तो एवढा धास्तावला नव्हता, आणि निंकेला ते ठाऊक होतं.

त्याने केबिनच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, हत्यारं दवाखान्यात मांडतात तशी ओळीने मांडली आणि पंप उघडला. गळक्या सील निघाल्या, गंजकी बेअरिंग निघाली. आतल्या रबरी चक्राची काळी पाती तुटून पंपाच्या पोटात अडकली होती. ती त्याने अक्कलदाढेचे तुकडे काढावेत तशी चिमट्याने एकेक करून काढली, समुद्राच्या पाण्यात विसळली आणि बशीत लावून ठेवली. सहा पाती, सहाही हजर. मग नवे भाग घालून जुळवलेला पंप घेऊन तो कमरेपर्यंत इंजिनाच्या खणात शिरला.

"बाबा, कॉफी," म्हणून निंकेने कप टेबलावर ठेवला आणि ती दोर सारखे करायला वर गेली. म्हाताऱ्याने चष्मा नेहमीप्रमाणे सामानाच्या तळाशी भरला होता. तो कॉफी पीत बसला. एरवी जावयाच्या प्रत्येक स्क्रूवर टीका करणारा माणूस आज तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. हिल्केला वाटलं, काम पाहून गार पडला.

"झालं," तो खणातून बाहेर येत म्हणाला. "चावी लावतो."

"थांब. तुकडे मोज."

हिल्केने हसत बशी पुढे ओढली. पाच पाती होती.

"सहा होती," तो म्हणाला.

"होती म्हणजे? आहेत किती?"

"बाबा, मी स्वतः मोजली होती."

"दातही असेच मोजतोस का? चुकून एखादा जास्तीचा काढत असशील." शूर्डने तोंडातलं काहीतरी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "हरवलेलं पातं नळीत जातं. नळी तुंबली की इंजिन भाजून निघतं. पातं सापडल्याशिवाय चावी लावायची नाही. फ्राउकेवर हा नियम आहे, आणि तो मी केलेला आहे."

नियम बरोबर होता, हीच तर पंचाईत होती. हिल्केने पहिली नळी सोडली. आत काही नव्हतं. दुसरीपर्यंत पोचायला जिना काढावा लागला, त्यामुळे निंके वर अडकली. तिसरी नळी सोडली तर आतलं हिरवं पाणी म्हाताऱ्याच्या चर्चला जायच्या कोटावर सांडलं.

"तो कोट मला माझ्या अंत्ययात्रेला लागणार होता," म्हातारा म्हणाला.

"धुऊन देतो."

"घाई नाही."

इंजिनाखाली हात घातल्यावर हिल्केला सासूबाईंचा केसांत घालायचा आकडा सापडला. त्याने तो पुसून सासऱ्याच्या हातावर ठेवला. शूर्डने तो बोटांनी चाचपला आणि आतल्या खिशात जपून ठेवला. हिल्केला वाईट वाटलं. ही बोट औषधवाल्याच्या हाती जाऊ नये, असं त्याला सकाळपेक्षाही जास्त वाटायला लागलं. पण बाहेर दोर ताणले जात होते, ओहोटी लागली होती, आणि पातं काही सापडत नव्हतं.

निंके कशीबशी छतातल्या पुढच्या झडपेतून खाली उतरली. "अहो, दोघंही जरा दम खा. कॉफी ओतू का?"

"ओत," म्हातारा म्हणाला. "पण मला आता ड्रॉप नको. सकाळचाच संपलेला नाही."

ड्रॉप म्हणजे ज्येष्ठमधाची काळी, खारट वडी. म्हातारा तिच्यावर जगत असे.

"कुठला ड्रॉप?" निंकेने विचारलं.

"बशीतला. कॉफीबरोबर रीतीप्रमाणे एकच उचलला, मी काही अधाशी नाही. पण माल अस्सल हो. दुप्पट खारट. हल्लीचे तोंडात टाकले की विरघळतात. हा बघ, सकाळपासून चावतोय, पण दाद देत नाही."

"बाबा," निंके हळूच म्हणाली, "ड्रॉपची पिशवी मी घरीच विसरले."

म्हाताऱ्याचं चावणं थांबलं. हिल्केने बशीकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. वीस वर्षांची सवय कामी आली. त्याने टॉवेलवरून चिमटा उचलला.

"आ करा."

शूर्डने निमूट आ केला. हिल्केने सहावं पातं बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि बशीत बाकीच्यांशेजारी ठेवलं. निंके भांडी विसळायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते.

नळ्या परत बसवताना हिल्केचे हात असे चालले की म्हाताऱ्याला टीकेला जागाच उरली नाही. चावी फिरली, इंजिन खोकलं, आणि मागच्या नळीतून पाण्याची चूळ बाहेर पडली. ओहोटीचं शेपूट तेवढं त्यांच्या हाती लागलं.

बंदर मागे पडल्यावर शूर्डने सुकाणू धरल्याधरल्या तोंडात बोट घालून कवळी चाचपली.

"साधा ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला. "रबर चावलं दिवसभर."

"हं," हिल्के म्हणाला.

"पक्कं काम करतोस." त्याने सुकाणू जरासं वळवलं. "बोट तुझी. पण ही गोष्ट बेटावर कुणाला कळली, तर औषधवाल्याची."

"कुठली गोष्ट, बाबा?"

म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली आणि सुकाणू त्याच्या हाती दिलं.

बेटावर म्हाताऱ्याची बहीण टेट कॉफी मांडून वाट पाहत होती. सगळे टेबलाभोवती बसल्यावर तिने काळ्या वड्यांची बशी सर्वांत आधी भावापुढे धरली. शूर्डचा हात पुढे गेला, वाटेत थांबला आणि मागे आला.

"आधी हिल्केला दे," तो म्हणाला. "त्याला यातलं कळतं."