माहेर विचारणारे कंधारकर सर

कंधारकर सर कुठल्याही बाईला भेटले की पहिला प्रश्न विचारत, "माहेरचं नाव काय?" दुसरा प्रश्न, "आईचं माहेर कुठलं?" पुरुषांना ते काहीच विचारत नसत.

"पुरुषाकडं काय विचारायचं? त्याच्यापाशीच येऊन थांबतं सगळं."

सर विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत आणि गारखेड्यात आमच्या शेजारी एकटे राहत. त्यांचा विषय सरडे. वाळूजच्या माळावर एक जात आहे. विणीच्या दिवसांत तिचा नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-तांबडा पंखा फुलवतो. ते बघून दुसरा नर जळतो आणि आपलाही फुलवतो. सर उन्हात पालथे पडून ही जळजळ वहीत टिपत. सरडे ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पाठीवर नेलपॉलिशचे ठिपके देत. बिनलग्नाचा प्राध्यापक औरंगपुऱ्यात नेलपॉलिशच्या सहा बाटल्या घेतो, ही बातमी मी वर्तमानपत्रात दिलेल्या कुठल्याही बातमीपेक्षा लवकर गारखेड्यात पोचली.

सर सांगत, रंग आईबाप दोघांकडून येतो. पण पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे कण असतात, ते फक्त आईकडचे. तिला तिच्या आईकडून आलेले; मुलगा ते पुढं देत नाही. "तिथं बापाचं आडनाव लागत नाही."

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलं होतं ते दिवस. नाव विचारलं तरी जात विचारली असं माणसं धरत. सर मोर्चातल्या बायांनाही माहेर विचारून आले होते. नामांतराच्या विरोधात सही मागायला काही जण आले, तेव्हा सर दारातच म्हणाले, "सून घरात आली की ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिता. तेव्हा नाही वाटत अवघड?" मंडळी परतली. मी ते छापलं नाही. ते वाक्य मला सुचायला हवं होतं.

माझ्या आईचं नाव सुलोचना. चाळीस वर्षं मला तेवढंच ठाऊक होतं. सरांना तिनं पाच मिनिटांत सांगितलं, "माहेरची मी ठकू. माझी माय भागू, तिची माय राही. लई गोरी व्हती म्हणं."

मी दारात उभा होतो. प्रश्न विचारण्याचा पगार मी घेत होतो.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा इचारलं?" आई म्हणाली, आणि माझ्यासाठी झाकून ठेवलेलं धपाटं तिनं सरांना वाढलं.

मग ते रोज येऊ लागले. महिनाभरानं मला राहवेना. आईसमोरच विचारलं, "सर, तुमच्या आईचं माहेरचं नाव?" माणसाला पेचात पकडायला विचारतात तसं.

सरांचा घास हातात राहिला. "माहीत नाही. मी चार वर्षांचा असताना ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. घरात पुन्हा तिचा विषय निघाला नाही. माहेर वाळूजच्या माळाकडचं, एवढंच कानावर आलं. तिथं आता कारखाने झालेत, म्हाताऱ्या पांगल्या. एखादीला आठवत असेल म्हणून विचारतो."

आईनं विचारलं, "दिसायला कशी व्हती?"

"आठवत नाही."

"जेवा," आई म्हणाली.

रविवारी मी सरांबरोबर वाळूजच्या कारखान्यांजवळ बजाजनगरला गेलो. कामगारांच्या घरांत त्यांच्या म्हाताऱ्या आया असतात, काही त्याच माळाकडच्या. सर विचारत होते, मी लिहून घेत होतो. चौथ्या दारातली म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं सरांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुणाचा रं तू?"

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"तेच विचारायला आलोय, आजी."