दहाच्या आत एक नर फूल

"विद्युलता, वर ये! लवकर ये! मादी आली!"

शनिवारी सकाळी सव्वासहाला गच्चीवरून आलेली ही आरोळी वेस्ट मांबलममधल्या त्या चार मजली इमारतीत झाडून सगळ्यांनी ऐकली. नशीब एवढंच, की मराठी समजणारी घरं त्यात दोनच होती. एक खुद्द आरोळी ठोकणाऱ्या गजेंद्र नेहेत्यांचं आणि दुसरं तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यनारायणरावांचं.

गजेंद्र रेल्वेच्या कचेरीत होता. तीन वर्षांपूर्वी भुसावळहून बदली होऊन चेन्नईला आला आणि यंदा मार्चमध्ये त्याच्या अंगात बागकाम शिरलं. गच्चीच्या एका कोपऱ्यात त्याने लाल भोपळ्याचा वेल लावला. वेल तरारला, टाकीवर चढला, टाकीवरून उतरून कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेला. फुलं तर रोज दहा-बारा. भोपळा मात्र एकही नाही. फुलं सगळी नर! मादी फुलं दोनदाच आली, तीही चार दिवसांत पिवळी पडून गळून गेली. कारण गच्चीवर मधमाशी औषधालाही नव्हती.

त्यातच इमारतीच्या सेक्रेटरी कनकामामींनी फर्मान काढलं होतं. उन्हाळ्यात त्यांना तांदळाचे वडाम, म्हणजे आपल्या कुरडयांसारखं वाळवण, घालायला गच्ची हवी होती. "मे संपायच्या आत एक भाजी दाखवा," त्यांनी हिंदीत सांगितलं होतं, "नाही तर कुंड्या खाली, वडाम वर." मे संपायला आठ दिवस उरले होते. म्हणून गजेंद्रने ठरवलं होतं, की आता मादी फूल आलं की माशीची वाट पाहायची नाही, परागीकरण आपल्या हाताने करायचं. त्यासाठी त्याने सतरा व्हिडिओ पाहिले होते.

आणि आज ती आली होती. फुलाच्या देठाशी गोटीएवढा गोल, इवलासा भोपळा घेऊन, चांगली वाटीएवढी उमललेली.

विद्युलता हात पुसत वर आली तेव्हा गजेंद्र वेलाभोवती तिसरी फेरी मारत होता.

"अगं, एकही नर फूल नाही! काल संध्याकाळी बारा कळ्या मोजल्या होत्या मी. गेल्या कुठे?"

विद्युलताने नवऱ्याकडे पाहिलं, वेलाकडे पाहिलं, मग पुन्हा नवऱ्याकडे.

"अहो, काल भजी खाल्ली ना तुम्ही?"

"ती... ती कसली होती?"

"फुलांची. ज्याला खाली भोपळा होता तेवढं मी मुद्दाम ठेवलं, बाकीची तोडली. नऊ तुम्ही खाल्लीत. तीन सत्यनारायणरावांकडे पाठवली. कुरकुरीत झालीत म्हणालात!"

गजेंद्र कठड्याला टेकला. आपल्या पोटात आज सकाळी नऊ नवरदेव आहेत, ही गोष्ट पचायला त्याला थोडा वेळ लागला.

"दहापर्यंत मिटेल ती," तो म्हणाला. "या कत्तिरीच्या उन्हात कदाचित त्याआधीच. मग संपलं."

कत्तिरी म्हणजे अग्निनक्षत्राचे दिवस. सकाळी सातलाच गच्चीची फरशी पाय भाजते, असा तो मे महिना.

तेवढ्यात सत्यनारायणराव धोतर सावरत जिन्यातून वर आले. हे तंजावरच्या मराठी घरातले निवृत्त शाळामास्तर. साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात मुरलेली मराठी बोलत. सगळी हकिकत ऐकून त्यांनाही अपराधी वाटलं.

"अय्यो! अमीबी तीन खाल्लों की हो!" ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "थांबा, थांबा. वेलचेरीस अमची मामेबहीण हाय, सीतालक्ष्मी. तिच्या गच्चीवर नुसते भोपळेच भोपळे. चला, आत्ता निघू!"

साडेसहाला दोघं मांबलम स्टेशनावर होते. गिंडीपर्यंत लोकल, तिथून शेअर ऑटो. फलाटावर उभं राहून रावांनी बहिणीला फोन लावला. आता, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस भर फलाटावर 'नर', 'मादी' असं ओरडेल कसा? त्यांनी सभ्य शब्द शोधले. त्यातच समोरून एक्स्प्रेस धडधडत गेली.

"सीते! पोरगी तयार हाय! पोरगा पाहिजे! होय, होय, आजच! दहाच्या आंत! तुझ्याकडे हाय न? बेश! अमी येतों!"

फोन ठेवून ते समाधानाने म्हणाले, "हाय म्हणते. लई खूश झाली."

ती का खूश झाली हे वेलचेरीला पोचल्यावर कळलं. दारात ताजी रांगोळी होती. दिवाणखान्यात टेबलावर केशरी शिरा आणि केळ्याची भजी मांडली होती, तमिळ मुलखात मुलगी-मुलगा पाहायच्या वेळी मांडतात तशी. सीतालक्ष्मी रेशमी साडी नेसून उभ्या होत्या आणि सोफ्याच्या कडेला त्यांचा एकतीस वर्षांचा मुलगा कौशिक, ओले केस, नवा शर्ट, चेहरा दाढ काढायला आणल्यासारखा.

"बसा, बसा," सीतालक्ष्मी म्हणाल्या. "कॉफी घ्या पैलें."

"कॉफी नको हो, वेळ नाहीये," गजेंद्र घड्याळाकडे पाहत म्हणाला. सव्वाआठ. शेअर ऑटो भरायलाच पाऊण तास गेला होता. "आधी पोरगा दाखवा."

"हा काय, समोरच बसलाहे की."

गजेंद्रने कौशिककडे पाहून घाईघाईने नमस्कार केला आणि त्याच्या मागे खिडकीत कुंडी दिसते का ते पाहिलं. सीतालक्ष्मींना हे जरा विचित्र वाटलं. पण सोयरिकीची माणसं तऱ्हेवाईक असायचीच.

"पोरगी दिसण्यांत कशी हाय?"

"सुंदर!" गजेंद्रला आपल्या फुलाबद्दल कोणी विचारलं की राहवत नसे. "पिवळीधमक!"

"पिवळी? हळद लाविली पण?" सीतालक्ष्मींचा हात तोंडावर गेला. "आणि आत्ता कुठे हाय ती?"

"गच्चीवर. उन्हात उभी आहे बिचारी. माझी बायको लक्ष ठेवून आहे."

"अय्यो देवा! आणि दहाच्या आंतच कां मुहूर्त?"

"दहानंतर ती मान टाकते."

कौशिकने आईकडे पाहिलं. आईने सत्यनारायणरावांकडे पाहिलं. राव भजी खात होते, त्यामुळे त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

"आणि लग्न... कुठे कराल?" सीतालक्ष्मींनी बळ एकवटून विचारलं.

"लग्न कसलं, दोन मिनिटांचं काम. पोरग्याला घेऊन जातो, आधी त्याची सालं काढतो..."

कौशिक ताडकन उभा राहिला. "अम्मा!"

"म्हणजे पाकळ्या हो!" गजेंद्र म्हणाला. "नर फुलाच्या पाकळ्या काढायच्या, मधला दांडा मोकळा करायचा आणि मादी फुलात फिरवायचा. भोपळ्याच्या!"

सत्यनारायणरावांच्या हातातलं भजं हातातच थांबलं.

"अण्णा," सीतालक्ष्मी अगदी हळू म्हणाल्या, "तुमी भोपळ्याच्या फुलासाठी फोन केलांत?"

"मग काय सांगलों मी?" राव म्हणाले, आणि आपण काय सांगितलं ते एकेक शब्द त्यांना आठवत गेलं.

सर्वात आधी कौशिक हसला. जन्मठेपेतून सुटलेल्या माणसासारखा हसला. "भोपळा? अंकल, फक्त भोपळा? किती फुलं पाहिजेत तुम्हाला?" असं विचारत तो दोन-दोन पायऱ्या टाकत गच्चीकडे पळाला. मग सीतालक्ष्मी हसायला लागल्या, त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

वर गेल्यावर गजेंद्र हसायचंच विसरला. अर्ध्या गच्चीवर हिरवी जाळी ताणलेली. कुंड्यांतल्या मातीवर नारळाच्या काथ्याचा आणि वाळल्या पानांचा जाड थर. जागोजागी सब्जाचे तुरे आणि झेंडू. एका परातीत खडे घालून उथळ पाणी ठेवलेलं आणि त्या खड्यांवर बसून मधमाश्या पाणी पीत होत्या. सगळी गच्ची गुणगुणत होती.

"एवढ्या माश्या!" गजेंद्र पुटपुटला. "आमच्याकडे एक येत नाही."

"झाडास काय फवारता?" सीतालक्ष्मींनी विचारलं.

"कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी," गजेंद्र अभिमानाने म्हणाला. "एक दिवस चुकवत नाही. रोज सकाळी सातला, प्रत्येक फुलावर."

सीतालक्ष्मींनी कपाळाला हात लावला. "साताला? फूल उघडतं तेव्हांच? अहो, माशी जेवाया येते तेव्हां तुमी तिच्या ताटांत साबण ओततां! फवारायचं तर कीड दिसली तरच, तेंही सांजेस, फुलें मिटल्यावर, पानांस. फुलांस हातच नको. आणि एकटा भोपळा लावून माशी कशी येईल? तिला दिवसभर काही खायाला नको? सब्जा लावा, झेंडू लावा, परातींत पाणी ठेवा. सकाळी मुळांशी पाणी घाला, वरून पानें झांका, दोनप्रहरीं सावली करा. मग ती बोलावल्याशिवाय येते."

गजेंद्रने मनात हिशेब केला. सतरा व्हिडिओ पाहून त्याने अडीच महिने रोज नेमाने स्वतःच्याच पाहुण्यांना हाकलून लावलं होतं.

"अंकल, आठ पन्नास!" कौशिक ओरडला. त्याने तीन टपोरी नर फुलं तोडून ओल्या फडक्यासकट स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलंसुद्धा होतं. "मी गाडीने सोडतो तुम्हाला. बसा!" आई खऱ्या स्थळांचा विषय काढायच्या आत त्याला घराबाहेर पडायचं होतं.

गाडीत एसी पूर्ण सोडला, फुलं सुकू नयेत म्हणून. गिंडीच्या सिग्नलला गाडी अडकली. नऊ दहा. नऊ बारा. आणि त्या शांततेत गजेंद्रच्या मांडीवरचा डबा वाजायला लागला.

"अंकल, तुमचा फोन?"

"फोन खिशात आहे. हा डबा आहे."

तिघांनी डब्याकडे पाहिलं. आतून रागावलेला, बारीक, ठाम आवाज येत होता. घाईत कौशिकने फुलाबरोबर माशीही बंद केली होती.

"खिडकी उघडा, सोडून द्या तिला!" कौशिक सीटवर आखडून म्हणाला.

"अजिबात नाही! झाकण उघडलं तर पराग सांडतील!" गजेंद्रने दोन्ही तळवे झाकणावर दाबले. तळहाताला त्या इवल्या जिवाची थरथर लागत होती. "गाडी चालवा तुम्ही! हिरवा झाला!"

नऊ बेचाळीसला ते इमारतीपाशी पोचले. लिफ्ट बंद होती. तिघं चार मजले पळत चढले. सत्यनारायणराव शेवटच्या जिन्यावर बसले आणि "तुमी जा, तुमी जा," असा हात हलवू लागले.

गच्चीवर विद्युलता उभी होती. हातात काळी छत्री, पण ती तिच्या डोक्यावर नव्हती, फुलावर होती. चेहरा लालबुंद झाला होता, घामाने केस कपाळाला चिकटले होते. सात वाजल्यापासून ती तशीच उभी होती.

"मिटली नाही अजून," ती म्हणाली. "लवकर करा. हात भरून आलेत माझे."

गजेंद्रने गुडघे टेकले, झाकण उघडलं.

माशी सुटली. तासभर त्या फुलांत तडफडून ती पायापासून डोक्यापर्यंत पिवळी झाली होती. ती सरळ वर गेली, छत्रीच्याही वर.

"गेली," कौशिक म्हणाला.

"जाऊ दे, फुलं आहेत ना," गजेंद्रने एक फूल उचललं, त्याच्या पाकळ्या सोलल्या, मधला दांडा मोकळा केला आणि मादी फुलाकडे हात नेला. तेवढ्यात विद्युलताने त्याचं मनगट पकडलं.

"थांबा!"

माशी परत आली होती. छत्रीच्या सावलीत तिने एक घिरटी घातली, दुसरी घातली आणि त्या वाटीएवढ्या पिवळ्या फुलात अलगद उतरली. आत शिरली, गोल फिरली, अंग घुसळलं, पुन्हा फिरली. सगळे पराग तिथे सांडत होते. अडीच महिन्यांत त्या गच्चीवर आलेली ती पहिली मधमाशी होती, आणि तीही गाडीतून आणलेली.

जिन्यातून सत्यनारायणरावांचा धापा टाकत आवाज आला, "झालें का? गजेंद्रराव, झालें का?"

गजेंद्र सोललेलं फूल हातात धरून तसाच गुडघ्यांवर बसला होता. कोणी त्याला काही करायला सांगत नव्हतं.

"होतंय," तो कुजबुजला. "हळू बोला. आत आहे ती."