दोन लिव्हर आणि सतरा फोटो

सायकल दुरुस्त करण्यात अवघड काय असतं, हे मला आजवर कळलेलं नाही! खोलायची, पुसायची, जोडायची! लोक उगाच बाऊ करतात.

म्हणूनच सासरेबुवांनी आपली चाळीस वर्षांपूर्वीची गिअरची सायकल माळ्यावरून खाली काढली, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "बाबा, ही माझ्यावर सोडा!"

सासऱ्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी त्यांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. तेव्हापासून घड्याळ अडगळीत आहे. त्यांच्या हत्यारांच्या हिरव्या पेटीलाही मला गेल्या अकरा वर्षांत बोट लावायला मिळालेलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "रविवारी घरासमोरचा चढ मी न उतरता चढून गेलो, तर पेटी तुमची, जावईबापू!"

पेटी माझी! त्या पेटीसाठी मी आगगाडीचं इंजिनसुद्धा खोललं असतं!

आता माझी पद्धत ऐका. सायकल अंगणात सीटवर उलटी उभी केली. काहीही सोडवण्याआधी फोनवर फोटो! सतरा काढले, अगदी जवळून. या सायकलीला मधल्या नळीवर गिअरच्या दोन छोट्या लिव्हर आहेत. उजवी मागच्या चाकाचा गिअर बदलते, डावी पेडलजवळचा. दोन्ही काढल्या, गंज घासला, नव्या केबल आणल्या. दोन दिवस उकिडवं बसून कंबर धरली, म्हणून जोडताना सायकल सरळ उभी केली. मग फोन समोर ठेवून जोडणी. फोटोत डावीकडे दिसणारी केबल डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. लिव्हर ओढली की साखळी टुणकन उडी मारायची. कुठे मारायची ते मी पाहिलं नाही. उडी मारतेय ना, मग झालं!

रविवारी सासरे टोपी घालून निघाले. फाटकात सासूबाई, बायको आणि मी. चढ सुरू झाला तशी सायकल मंदावली.

"बाबा, उजवी ओढा! हलकं होईल!" मी ओरडलो.

त्यांनी ओढली. सायकल आणखी मंदावली. बाळाची गाडी ढकलत एक बाई त्यांना सहज मागे टाकून गेली.

"जड झालं हो!" सासरे ओरडले.

"छे! हलकंच झालंय! आता डावी पुढे ढकला!"

त्यांनी ढकलली. सायकल जागच्या जागी डुलायला लागली.

"आणखी जड झालं!"

"गिअर चोख आहे, बाबा! गुडघ्यांचं वय झालंय!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे सरकलो. "वय काढलंत त्यांचं?"

सासरे उतरले आणि सायकल हाताने ढकलत परत आले. चेहरा लाल, टोपी वाकडी. मला खरंच वाईट वाटलं. पेटीचं तर फारच!

"फोटोप्रमाणे जोडलंय सगळं!" मी फोन बायकोच्या हातात दिला. "चूक दाखव!"

तिने एकेक फोटो पाहिला. नवव्यावर थांबली. "अरे, इथे कोपऱ्यात काय आहे? सीट ना?"

"सीटच."

"मग ती खाली कशी? जमिनीला टेकलेली?"

तिने फोन माझ्यासमोर धरला आणि सावकाश उलटा फिरवला. डावीकडची केबल उजवीकडे गेली.

सासऱ्यांनी कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली. बायकोने वीस मिनिटांत दोन्ही केबलींची अदलाबदल केली. मी पाना देऊ का म्हणून विचारलं, तर तिघंही एका सुरात "नको!" म्हणाले.

सासरे पुन्हा निघाले. उजवी लिव्हर ओढली, डावी पुढे ढकलली, पाय भराभर फिरायला लागले आणि थोड्या वेळाने चढाच्या माथ्यावरून घंटी ऐकू आली. तीनदा! मी इतका आनंदलो की सासूबाईंनाच टाळी द्यायला निघालो होतो.

खाली येताच सासऱ्यांनी शब्द पाळला. हिरवी पेटी उचलली, माझ्या दिशेने चालत आले. मी दोन्ही हात पुढे केले. ते माझ्या बाजूने पुढे गेले आणि पेटी लेकीच्या हातात ठेवली.

मग वळून माझी पाठ थोपटली.

"फोटो मात्र सुरेख काढता हं, जावईबापू!"