उन्हासाठी पापड

रुचिताचं व्हिटॅमिन डी सात आलं. तीसच्या वर हवं होतं. पाळी दोन-दोन महिने लांबत होती, चार वर्षं मूल होत नव्हतं, म्हणून डॉक्टरबाईंनी ज्या तपासण्या करायला लावल्या, त्यांतली ही एक. नुसत्या डीने सगळं सुटत नाही, पण इतकं कमी असूनही चालायचं नाही, असं सांगून त्यांनी आठवड्याची गोळी लिहून दिली आणि रोज अकराच्या सुमारास थोडा वेळ उन्हात बसायला सांगितलं.

हाटकेश भागातल्या तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ऊन येत नव्हतं. समोरच्या टॉवरने अडवलं होतं. उरली गच्ची. तिची किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथ यांच्याकडे, आणि कारण विचारल्याशिवाय ते ती देत नसत. त्यांना पाळीचं काय सांगणार? रुचिताच्या तोंडाला आलं ते तिने सांगितलं.

"पापड वाळवायचेत, काका."

हल्लीच्या मुली घरी पापड करतात हे ऐकून पंढरीनाथ भारावले. थोड्या वेळाने स्वतः बघायला येतो म्हणाले. रुचिता धावत दुकानात गेली, दोन पाकिटं आणली, जुन्या साडीवर पापड मांडले आणि शेजारी बसली. पंढरीनाथांनी एक पापड उजेडात धरून पाहिला. मशीनलाही इतका गोल जमणार नाही, असं त्यांचं मत पडलं.

ही कीर्ती संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावरच्या हेमालीबेनकडे पोचली. रविवारी सात जणींनी गच्चीवर जमायचं आणि रुचिताने शिकवायचं, हे तिने परस्पर ठरवूनही टाकलं.

रुचिताची पोळीसुद्धा गोल होत नसे. तिच्या नवऱ्याने, भूपेशने, राई गावी आपल्या आईला फोन लावला. शांताबाईंना खरं कारण ठाऊक नव्हतं. सुनेने पापड घालायला काढलेत या आनंदात त्या उडदाचं पीठ आणि लाटणी घेऊन शनिवारीच हजर झाल्या.

रविवारी गच्चीवर बायका ऐसपैस बसून लाटत होत्या. रुचिता मात्र खाली स्वयंपाकघरात पीठ कुटत होती, कारण यजमानीण तीच. गोळे घेऊन वर यायचं, चहाचे कप घेऊन खाली जायचं. तिच्या वाट्याला आला तो जिन्यातला ट्यूबलाइट.

बाराच्या सुमारास हेमालीबेन लाल झालेले गाल पुसत म्हणाली, "रुचिताबेन, अजून थोडा पीठ आण ने."

रुचिताने परात खाली ठेवली.

"मला पापड नकोत, हेमालीबेन. मला ऊन हवंय. माझं डी सात आहे. पाळी वेळेवर येत नाही. डॉक्टरांनी उन्हात बसायला सांगितलंय, आणि मी आठ दिवस पापड राखतेय."

लाटणी थांबली. रुचिताने सासूकडे बघायचं टाळलं.

"माझा नऊ छे," हेमालीबेन हळूच म्हणाली. मग कोपऱ्यातून कुणी अकरा म्हणालं. पंढरीनाथांच्या बायकोने तर कधी तपासलंच नव्हतं.

शांताबाई उठल्या. हात पदराला पुसून त्यांनी सुनेला धरून आपल्या जागेवर, भर उन्हात बसवलं.

"मना पन पाच वर्सं पोर न्हाय झाला," त्या म्हणाल्या. "कोनाला सांगला न्हाय मी. सांगाला पायजे होता." आणि परात उचलून खाली पीठ कुटायला गेल्या.

पंढरीनाथांनी दुसऱ्या दिवशी गच्चीचं कुलूपच काढून टाकलं. बायकोने त्यांना काय कारण सांगितलं, ते तिलाच ठाऊक.

तीन महिन्यांनी रुचिताचं डी एकतीस आलं, पाळीही बरीचशी ताळ्यावर आली. डॉक्टरबाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, आता नवऱ्याचेही रिपोर्ट बघू. भूपेशने हसत हसत रक्त दिलं.

त्याचं डी सहा आलं.

रविवारी तो बाह्या सरसावून सात बायकांच्या मधोमध बसला. त्याने लाटलेला पहिला पापड शांताबाईंनी उलटसुलट करून पाहिला, आणि पुढचा गोळा त्याच्यापुढे ठेवला.