बारा काळे स्क्रीन

शतकात एकालाच मिळते अशी बुद्धी आपल्याला मिळाली आहे, असं गुप्तहेर भिंगराव स्वतःच सांगत. दुसरं कोण सांगणार? त्यांचा मेहुणा नोंदींची वही घेऊन मागे फिरायचा. ताईने बजावलं होतं, "त्यांना एकटं सोडू नकोस, लोक मारतील."

त्या सकाळी वाचनालयात बारा जुने कॉम्प्युटर ओळीने काळेठिक्कर पडले होते. पाचपर्यंत सुरू झाले नाहीत तर थेट भंगारात! ग्रंथपालबाईंचा जीव टांगणीला लागला होता, कारण गावभरचे नोकरीचे अर्ज इथूनच जायचे. एवढ्या म्हाताऱ्या यंत्रांना पेलेल अशी एकच प्रणाली होती, गावातल्या दाढीवाल्या प्रोग्रामरनी बनवलेलं सडपातळ लिनक्स. त्याचे पेनड्राइव्ह कालपासून लावलेले होते, आणि घडत काहीच नव्हतं.

"ते बसवायला बटणांचा, चित्रांचा इन्स्टॉलर द्या हो," बाई म्हणाल्या.

"माझ्या लिनक्सला बटणं? उद्या उशी मागाल!" दाढीवाले कडाडले.

"शांत! हा घातपात आहे," भिंगराव कीबोर्डवर वाकले. "बिस्किटाचे कण! गुन्हेगार भुकेला होता."

"ते आत्ता तुमच्याच मिशीतून पडले, भावोजी."

मेहुण्याने वहीतली ओळ खोडली. मग भिंगरावांना दाढीवाल्यांची दाढी खोटी वाटली. त्यांनी ती ओढली. दाढी खरी निघाली, किंकाळीही. तीही ओळ खोडली.

इतक्यात बाई म्हणाल्या, "अहो, स्क्रीनच्या कोपऱ्यातली ही रेघ कालपासून लुकलुकतेय. आपण हिची वाट बघतोय, आणि ही आपली तर नाही ना बघत?"

"अर्थात!" दाढीवाले गाल चोळत म्हणाले. "आज्ञा टाइप करायच्या. पुस्तिकेत सगळं लिहिलंय."

"पुस्तिका कुठाय?"

"इन्स्टॉल झालं की आपोआप उघडते."

मेहुण्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

"मग तुम्हीच करून दाखवा," बाई म्हणाल्या. दाढीवाल्यांनी टाइप केलं. चुकलं. पुन्हा चुकलं. मग त्यांनी हळूच खिशातून चिठ्ठी काढली.

"पुरावा!" भिंगरावांनी झडप घातली. चिठ्ठीवर चौकोन होते, चौकोनांना बाण होते आणि शेवटी एक हसरा चेहरा.

"स्वतःपुरती चित्रं काढलीत होय?" बाई म्हणाल्या.

दाढीवाले कानापर्यंत लाल झाले. पण माणूस हाडाचा कारागीर. दुपारचं जेवण सोडून त्यांनी इन्स्टॉलर बनवला. त्यात एकच बटण होतं, 'पुढे'. "दोन मागू नका," त्यांनी दम भरला.

पाचच्या ठोक्याला भंगारवाला आला तेव्हा अकरा स्क्रीन उजळले होते. "काय काय न्यायचं?"

"काही नाही. बसा. तुमचा परवान्याचा अर्ज राहिलाय ना?" बाईंनी त्याला नुसतंच 'पुढे' दिसणाऱ्या बाराव्यासमोर बसवलं.

त्याला कोणी काही सांगितलं नाही. त्याने बटण पाहिलं, दाबलं, आणि स्क्रीन उजळताच विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," दाढीवाले म्हणाले, आणि भिंगरावांच्या खिशातून रुमाल ओढून त्यांनी डोळे पुसले.