कॅप्टन जॅराचं बटण

डेन्झिल ट्रेगेन्झा यांनी पत्नी ग्लेनिसच्या पासष्टाव्या वाढदिवसाला एक खेळणं भेट द्यायचं ठरवलं, यात वरकरणी बेकायदेशीर असं काही नव्हतं. उभं आयुष्य पोर्ट ॲडिलेडच्या बसगाड्या हाकण्यात गेलेलं. त्यांच्या नावावर साधा सिग्नल मोडल्याचीही तक्रार नव्हती.

खेळणं म्हणजे कॅप्टन जॅरा. वीतभर उंचीचा, निळ्या गणवेशातला अंतराळवीर. पाठीवर लाल बटण. ते दाबलं की उजवा हात टिर्रकन वर जाऊन सलाम ठोकायचा. ग्लेनिसच्या लहानपणी त्यांच्या घरी असा एक होता, पण तो तिच्या थोरल्या भावाचा, लान्सचा. मुलींनी त्याला हात लावायचा नाही, असा लान्सचा कायदा होता. पुढे लान्स मोठा झाला, कॅप्टन कुठेतरी हरवला आणि ग्लेनिसचं बटण दाबायचं राहून गेलं. बिअरचा दुसरा ग्लास झाला की ती हमखास म्हणायची, "एकदाच दाबायचं होतं रे. एकदाच."

म्हणून डेन्झिल सेमाफोर रोडवरच्या जुन्या खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानात वाचनालयासारखी शांतता होती. टक्कल पडलेले चार-पाच गृहस्थ हात पाठीशी बांधून काचेच्या कपाटांपुढे उभे होते. दारावर पाटी होती: 'लहान मुलांना प्रवेश नाही.' आणि मधल्या कपाटात, दिव्याच्या झोतात, बंद खोक्यातला कॅप्टन जॅरा.

"जरा उघडून बघता येईल का?" डेन्झिलनी विचारलं. "बटण चालतं की नाही तेवढं बघतो."

कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी हातातला खोका छातीशी कवटाळला. दुकानाचे मालक बार्नबी क्रॅडॉक चष्मा काढून हळूच म्हणाले, "साहेब, कारखान्यातून निघाल्यापासून हा खोका उघडलेला नाही. आतली हवासुद्धा साठ वर्षांपूर्वीची आहे."

"हवा नकोय मला. कॅप्टन हवाय."

"कशासाठी?"

"खेळायला."

क्रॅडॉकनी कपाटाचा पडदा ओढून घेतला.

मग त्यांनी परिस्थिती समजावून सांगितली. एकेकाळी असे हजारो कॅप्टन होते. ते दुर्दैवाने मुलांच्या हाती पडले. मुलं खेळली, हात मोडले, स्प्रिंगा उडाल्या. "लहान मुलांनी या क्षेत्राचं अपरिमित नुकसान केलंय," क्रॅडॉक खिन्नपणे म्हणाले. आज जगात शे-दीडशेच शिल्लक असतील, तेही कुणी कधी उघडले नाहीत म्हणून. सबब, गिऱ्हाइकाची लायकी तपासल्याशिवाय विक्री करता येत नाही. तपासणी पुरातन खेळणी संरक्षक मंडळ करतं.

मंडळाच्या निरीक्षक हिल्डा लिंडनर पुढच्याच आठवड्यात घरी आल्या. पांढरे हातमोजे, गळ्यात तापमापक. भेटीचं गुपित फुटू नये म्हणून डेन्झिलनी ग्लेनिसला सांगितलं, "वाळवी बघायला आल्यात."

बाईंनी बैठकीची खोली बघितली. ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते बघितलं. मांजराकडे तर बराच वेळ बघितलं. मग डेन्झिलना बाजूला घेऊन कुजबुजल्या, "घरात कुणाला खेळायची सवय?"

"पत्ते खेळतो आम्ही."

"उघडून?"

"न उघडता कसे खेळणार, बाई?"

हिल्डाबाईंनी सुस्कारा सोडला. एवढ्यात ग्लेनिस करंजीसारख्या गरमागरम पेस्ट्यांची बशी घेऊन आली. आतल्या मटण-बटाट्याचा वास घरभर सुटला. "खाऊन बघा हो, दमला असाल. वाळवी सापडली का?"

"तुपकट बोटं सापडली," हिल्डाबाई म्हणाल्या आणि हातमोजे न काढता दोन पेस्ट्या खाऊन गेल्या.

पेस्ट्या उपयोगी पडल्या. मंडळाने सशर्त मंजुरी दिली. खोका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद राहील. त्या पेटीवर ओरखडा पडू नये म्हणून ती लाकडी पेटीत राहील. पाहायचं झाल्यास हातभर अंतरावरून. किंमत ट्रेगेन्झांच्या गाडीपेक्षा जास्त होती. डेन्झिलनी मासेमारीची होडी विकली आणि ग्लेनिसला सांगितलं, "हल्ली पाठ दुखते."

"अभिनंदन!" पेटी हातात देताना क्रॅडॉकनी तिच्यावरून एकदा हातरुमाल फिरवला. "आजपासून तुम्ही याचे मालक नाही, पालक आहात."

वाढदिवसाला लान्स आला होता. ग्लेनिसने लाकडी पेटी उघडली आणि आतला निळा गणवेश बघितला. डेन्झिल घसा खाकरून अटी सांगू लागले. दुसऱ्या अटीपर्यंत पोचले तोवर ती मागच्या शेडमधून पत्रा कापायची कात्री घेऊन आली.

"ग्लेनिस, थांब! अगं, आत साठ वर्षांपूर्वीची हवा आहे!"

"मग बाहेर येऊ दे बिचारीला."

प्लॅस्टिक फाटलं. खोका फाटला. ग्लेनिसने कॅप्टनला तळहातावर उभं केलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

टिर्रक!

कॅप्टनने सलाम ठोकला. ग्लेनिसने उलट सलाम ठोकला. मग ती जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुन्हा टिर्रक, पुन्हा सलाम. डेन्झिलना ती नवरीसारखी दिसली, आणि होडी गेल्याचं त्यांना तेव्हा काहीच वाटलं नाही.

"मला दे की एकदा," लान्स म्हणाला.

"मुलांनी हात लावायचा नाही," ग्लेनिस म्हणाली.

सत्तरीचा लान्स रुसला. रात्री घरी जाऊन त्याने ही बातमी फोटोसकट इंटरनेटवर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी क्रॅडॉक आणि हिल्डाबाई अंत्यविधीच्या कपड्यांत दारात हजर झाले.

"चूक झाली," डेन्झिल म्हणाले. "पालक म्हणून मी कमी पडलो."

 हिल्डाबाई भिंगातून कॅप्टन बघत होत्या. "हात खरंच वर जातो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कसं असणार? आम्ही कुणी कधी उघडलाच नाही."

ग्लेनिसने बटण दाबलं. टिर्रक! क्रॅडॉकनी नकळत उलट सलाम ठोकला. मग दोघं स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ कुजबुजले. परत आले तेव्हा क्रॅडॉकचा चेहरा उजळला होता.

"न उघडलेले शे-दीडशे आहेत," ते म्हणाले. "पण उघडलेला आणि तरीही धडधाकट? जगात हा एकच. बाकीचे दुर्मीळ आहेत, बाई. हा एकमेव आहे." आणि त्यांनी जी किंमत सांगितली, तिच्यात तीन होड्या आल्या असत्या.

ग्लेनिसचं बोट पुन्हा बटणाकडे निघालं होतं.

"दर वेळी स्प्रिंग थोडी झिजते," हिल्डाबाई म्हणाल्या.

बोट अर्ध्या वाटेवर थांबलं. मग ते हळूच परत आलं, आणि ग्लेनिसने ते फ्रॉकला पुसलं.

आता ट्रेगेन्झांच्या बैठकीच्या खोलीत भर दुपारी पडदे ओढलेले असतात. मांजर लान्सकडे राहतं. पेस्ट्या व्हरांड्यात खायच्या, मग बाहेर चाळीस डिग्री का असेना. कॅप्टन नव्या पेटीत आहे, आणि ती पेटी ग्लेनिसने स्वतः निवडली. परवा डेन्झिल पेटीजवळ जरा रेंगाळले.

"बोटं बघू," मागून आवाज आला.

"धुतलीत गं आत्ताच. एकदाच दाबतो. मी कुठे अजून दाबलंय?"

"एकदाच, एकदाच म्हणून सगळे कॅप्टन गेले, डेन्झिल."

लांबलांबून लोक कॅप्टनला बघायला येतात. हातभर अंतरावर, हात पाठीशी बांधून उभे राहतात, वा वा करतात आणि फाटकाबाहेर पडल्यावर पोट धरून हसतात: साधं खेळणं, आणि बाईला खेळवत नाही!

तुम्हालाही हसू आलं असेल, तर ते साहजिकच आहे. हसून झालं की चहा टाका. रोजच्याच कान उडालेल्या कपातून घ्या. कपाटातला चांगला सेट पाहुण्यांसाठी आहे. आणि टीव्ही लावायचा असेल, तर रिमोट प्लॅस्टिकवरूनच दाबा.